पडद्यावरची मेणबत्ती कधीच चुकत नाही

मागच्या महिन्यात आमच्या केंद्राची शिक्षण परिषद झाली. विज्ञान अध्यापनावर बोलताना एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी एक मत मांडलं आणि खोलीतल्या निम्म्याहून जास्त माना होकारार्थी हलल्या. मत असं, की प्राथमिक शाळेत प्रयोगांचा पसारा मांडण्याचे दिवस आता गेले. वर्गात मोठा टीव्ही आहे, इंटरनेट आहे. जो प्रयोग मांडायला अर्धा तास जातो आणि शेवटी धड होतही नाही, तो पडद्यावर तीन मिनिटांत, जवळून, स्वच्छ आणि हमखास यशस्वी दिसतो. मागच्या रांगेतल्या मुलालाही दिसतो. काच फुटत नाही, कुणाचं बोट भाजत नाही, पाठ वेळेत संपतो. मग विज्ञानपेटी उघडायची कशासाठी?

हे सहकारी कामचुकार नाहीत. लोकवर्गणीतून त्यांनी शाळेत टीव्ही आणला, वीजबिल थकून जोडणी तुटायची वेळ आली तेव्हा स्वतःच्या खिशातून पैसे भरले. मुलांवर जीव असलेला माणूस असं बोलतो तेव्हा ते कानाआड करता येत नाही. त्या दिवशी वेळ संपला होता, मला उत्तर देता आलं नाही. ते उत्तर इथे देते.

त्यांच्या बोलण्यातला ‘हमखास यशस्वी’ हा शब्द मला सर्वांत जास्त खटकला. पडद्यावरचा प्रयोग हमखास यशस्वी असतो हे खरं आहे, आणि नेमक्या त्याच कारणाने मी त्याला प्रयोग म्हणायला तयार नाही.

आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा एक प्रयोग घेते. ताटलीत पाणी, मधोमध पेटती मेणबत्ती, वरून काचेचा ग्लास उपडा घालायचा. थोड्या वेळात ज्योत विझते आणि ग्लासात पाणी चढतं. याचं स्पष्टीकरण पिढ्यानपिढ्या असं दिलं जातं: मेणबत्तीने ग्लासातला ऑक्सिजन वापरून टाकला, त्याची जागा पाण्याने घेतली, पाणी साधारण एक पंचमांश उंचीपर्यंत चढलं, म्हणून हवेत ऑक्सिजन एक पंचमांश असतो. मीही अनेक वर्षं असंच शिकवलं. व्हिडिओ दाखवायला लागल्यावर तर ते आणखी सोपं झालं. पाणी नेमकं खुणेपर्यंत चढताना दिसायचं, बाण काढून ऑक्सिजन दाखवलेला असायचा आणि मुलं एका सुरात ‘एक पंचमांश’ म्हणायची.

चार वर्षांपूर्वी श्रावणात आमच्याकडे आठवडाभर वीज नव्हती. शाळा जुन्नरच्या डोंगराळ भागातली, द्विशिक्षकी. चौथी-पाचवी माझ्याकडे एकत्र बसते. त्या वर्षी मुलं होती १९. टीव्ही बंद, म्हणून चार गट पाडले आणि तो प्रयोग मुलांनाच करायला लावला. ताटल्या पोषण आहाराच्या, ग्लास घरून मागवलेले, पाणी नीट दिसावं म्हणून त्यात चिमूटभर कुंकू. एका गटाचं पाणी बोटभर चढलं. दुसऱ्याचं ग्लासाच्या तिसऱ्या हिश्श्यापर्यंत गेलं. तिसऱ्याचं जेमतेम हललं. चौथ्या गटाची मेणबत्ती पाण्यात आडवी झाली, त्यांनी ती मेणाचे चार थेंब पाडून पुन्हा उभी केली. पुस्तकातल्या जागी एकाचंही पाणी थांबलं नाही.

एरवी वर्गात फारसं न बोलणारी एक मुलगी फरशीवर पालथी पडून, डोळे ताटलीच्या पातळीला आणून बघत होती. ती म्हणाली, “बाई, ज्योत जळत होती तेव्हा पाणी हललंच नाही. विझल्यावर सरसर वर गेलं. ऑक्सिजन संपत होता तेव्हा का नाही चढलं?”

शेजारच्या गटातला मुलगा म्हणाला, “आमच्या ग्लासाच्या कडेने तर बुडबुडे बाहेर आले. आत जागा होत होती, तर हवा बाहेर कशाला येईल?”

इतकी वर्षं तो प्रयोग दाखवूनही मला हे दोन प्रश्न पडले नव्हते. उत्तर मला येत नाही, असं मी मुलांना सांगितलं. दुसऱ्या दिवशी आम्ही एकाच ग्लासाखाली आधी एक, मग दोन, मग तीन मेणबत्त्या लावून बघितल्या. ग्लास तोच, म्हणजे आतली हवा जवळजवळ तेवढीच आणि ऑक्सिजनही तेवढाच. तरी तीन मेणबत्त्यांना पाणी एका मेणबत्तीपेक्षा कितीतरी वर गेलं. ऑक्सिजनच्या हिशोबात हे बसत नाही, उष्णतेच्या हिशोबात बसतं. ज्योतीमुळे आतली हवा तापते, फुगते आणि थोडी कडेने निसटते. ज्योत विझली की उरलेली हवा निवते, आकसते आणि बाहेरच्या हवेचा दाब पाणी आत ढकलतो. ऑक्सिजन सगळा संपत तर नाहीच. त्याचं प्रमाण २१ टक्क्यांवरून १६ टक्क्यांच्या आसपास उतरलं की मेणबत्ती विझते, आणि जळताना तयार झालेला कार्बन डायऑक्साइडही आत जागा अडवून बसलेला असतो.

हवेत ऑक्सिजन साधारण एक पंचमांश असतो ही गोष्ट खरी आहे. या प्रयोगातून मात्र ती सिद्ध होत नाही. बरोबर उत्तर चुकीच्या कारणाने शिकवलं जात होतं, आणि आणखी शंभर वेळा व्हिडिओ लावला असता तरी ते उघडं पडलं नसतं. व्हिडिओ करणाऱ्याने चार-सहा वेळा करून बघितलेलं असतं, पुस्तकाशी जुळलेला प्रसंग ठेवलेला असतो आणि न जुळलेले काढून टाकलेले असतात. माझ्या वर्गातल्या त्या मुलीचा प्रश्न त्या काढून टाकलेल्या भागात होता.

म्हणून ‘धड होत नाही’ ही प्रयोगाविरुद्धची तक्रार मला उलटी वाटते. चार गटांचं पाणी चार ठिकाणी थांबलं, तिथून शिकणं सुरू झालं. ते एकाच ठिकाणी थांबलं असतं तर आम्ही ‘एक पंचमांश’ म्हणून पुढच्या पाठाकडे गेलो असतो.

आणि हे एका मेणबत्तीपुरतं नाही. सातवी-आठवीच्या प्रयोगवह्या उघडून बघा. पाण्याचा उत्कलनबिंदू प्रत्येक वहीत १०० अंश सेल्सिअस लिहिलेला असतो. समुद्रसपाटीपासून दर ३०० मीटर वर गेलं की पाणी साधारण एक अंश आधी उकळतं. पुण्याच्या उंचीवर तापमापी ९८च्या जवळपास थांबते, महाबळेश्वरला ९६च्याही थोडी खाली. तरी रत्नागिरीच्या मुलाच्या वहीत १०० आणि महाबळेश्वरच्या मुलाच्या वहीतही १००. मी स्वतः अशा वह्या तपासल्या आहेत, आणि ९८ लिहिणाऱ्या मुलाच्या आकड्यावर लाल फुली पाहिली आहे. त्या मुलाने खरं लिहिलं होतं. त्या फुलीतून तो काय शिकला असेल? डोळ्यांना दिसतं ते लिहायचं नाही, छापलेलं असतं ते लिहायचं. निरीक्षणाचा रकाना भरण्याआधी पुस्तक उघडायचं. दहा-बारा वर्षांच्या वयात ही सवय लागली की ती दहावीनंतर सुटत नाही, मोठेपणी मोबाईलवर आलेला मजकूर पुढे पाठवतानाही सुटत नाही. तयार व्हिडिओने या सवयीत भर पडते, कारण आता पुस्तक उघडायचेही कष्ट उरत नाहीत.

इथे मला अडवलं जाईल. बाई, म्हणजे तुम्ही तंत्रज्ञानाच्या विरोधात. अजिबात नाही, आणि ते सिद्ध करायला मेणबत्तीचीच पुढची गोष्ट सांगते. बुडबुड्यांवरून वर्गात भांडण लागलं. दोन गट म्हणत होते बुडबुडे येतात, दोन म्हणत होते येत नाहीत, आणि दोघंही खरं बोलत होते. मी माझा फोन ताटलीच्या पातळीवर विटेला टेकवून ठेवला आणि स्लो मोशनमध्ये चित्रण घेतलं. मग दिसलं. ग्लास झटकन घातला तर कडेने बुडबुडे निसटतात. ज्योतीवर थोडा वेळ धरून मग हळूच टेकवला तर बुडबुडे जवळजवळ येत नाहीत, कारण ग्लासातली हवा आधीच तापून बाहेर गेलेली असते. पाणी मात्र दोन्ही वेळा चढतं. मुलांनी ते चित्रण आठ-दहा वेळा मागे-पुढे करून बघितलं, पट्टी धरून पडद्यावर पाण्याची उंची मोजली. आदल्या वर्षी त्याच फोनवर मी तयार व्हिडिओ दाखवला होता. तेव्हा फोनने उत्तर दिलं होतं. या वेळी मुलांना प्रश्न पडला होता आणि तो सोडवायला त्यांनी फोन वापरला.

माझं सगळं म्हणणं या फरकात आहे. डोळ्याला जे दिसत नाही ते दाखवणारं, हाताला जे मोजता येत नाही ते मोजणारं, आणि आपण जिथे पोचू शकत नाही तिथल्या माणसाशी बोलणं घडवणारं यंत्र विज्ञानाच्या वर्गात हवंच. पण मूल जे स्वतःच्या डोळ्यांनी बघू शकतं, स्वतःच्या हातांनी करू शकतं, तेच त्याच्यापासून काढून घेऊन पडद्यावर दाखवणारं यंत्र त्याचं नुकसान करतं, मग ते कितीही रंगीत असो.

सावलीचं उदाहरण देते, कारण त्यात या दोन्ही गोष्टी एकत्र येतात. दुपारी बारा वाजता सूर्य डोक्यावर येतो, हे आपल्याकडे लहान-थोर सगळे म्हणतात. सूर्याच्या भ्रमणाच्या ॲनिमेशनमध्येही तसंच दिसतं. आता शाळेच्या अंगणात एक मीटरची काठी सरळ उभी करा. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात आमच्या जुन्नरच्या बाजूला भर दुपारी तिची सर्वांत आखूड सावली सुमारे ९२ सेंटीमीटर असते. काठीएवढीच जवळजवळ. सूर्य डोक्यावर असता तर सावली पायाशी गोळा झाली असती. ती तशी होते खरी, पण वर्षातून दोनदाच, मेच्या मध्यावर आणि जुलैच्या अखेरीस. पहिल्या वेळी शाळेला सुट्टी असते आणि दुसऱ्या वेळी आकाशात ढग असतात, ही मला दर वर्षी लागणारी हुरहुर.

वेळेचंही तसंच. काठीभोवती एक वर्तुळ काढायचं. सकाळी आखूड होत जाणाऱ्या सावलीचं टोक वर्तुळात शिरतं ती वेळ लिहायची, दुपारी लांब होत जाणारं टोक बाहेर पडतं ती वेळ लिहायची, आणि दोन्हींचा मध्य काढायचा. आपल्या जुन्या ज्योतिषग्रंथांत या काठीला शंकू म्हणतात आणि वर्तुळाची ही रीतही आपल्याकडे फार जुनी आहे. पाचवीच्या मुलांना हा मध्य काढता येतो, फक्त तासा-मिनिटांची बेरीज करावी लागते. डिसेंबरअखेर आमच्याकडे तो १२ वाजून ३५ मिनिटांच्या आसपास येतो, नोव्हेंबरच्या सुरुवातीला १२ वाजून १८ मिनिटांच्या सुमारास आणि फेब्रुवारीच्या मध्यावर पावणेएक उलटून गेल्यावर. म्हणजे घड्याळातले बारा वेगळे आणि आकाशातले बारा वेगळे.

का, तर आपलं घड्याळ पूर्वेकडच्या ८२.५ अंश रेखावृत्तावर लावलेलं आहे. हे मी सांगितलं तर मुलं पाठ करतील. पण समजा त्याच दिवशी रत्नागिरीतल्या एका शाळेने आणि गडचिरोलीतल्या एका शाळेने हीच काठी रोवली आणि व्हिडिओ कॉल करून आपापल्या वेळा एकमेकींना सांगितल्या. दोन ठिकाणच्या मध्यान्हात सुमारे २७ मिनिटांचं अंतर निघेल. एक अंश रेखांशाला चार मिनिटं या हिशोबाने दोन्ही गावं एकमेकांपासून किती अंश दूर आहेत ते मुलांना स्वतः काढता येईल. पृथ्वी फिरते हे त्या दिवशी त्यांनी मोजलेलं असेल. याला फोन हवा, इंटरनेट हवं, आणि काठी रोवणारे हातही हवेत. हात काढून घेतले तर उरतं पृथ्वीच्या गोलाचं ॲनिमेशन, आणि फोन काढून घेतला तर गडचिरोलीच्या मुलाशी गाठ पडत नाही. असं आंतरशालेय काम राज्यात कुठेही सुरू करता येण्यासारखं आहे, आणि ज्या शाळांत टीव्ही आहे तिथे तो पहिल्यांदा खऱ्या उपयोगाला येईल.

आता संशोधनाचा मुद्दा. परिषदेत असंही म्हटलं गेलं, की मुलांना स्वतः शोधू देण्याने ती कमी शिकतात हे जगभर सिद्ध झालं आहे. ज्या अभ्यासांच्या आधारे हे म्हटलं जातं त्यातला एक डेव्हिड क्लार आणि मिलेना निगम यांचा, २००४ सालचा. तिसरी-चौथीच्या मुलांना चेंडू आणि उतरत्या घसरगुंड्या देऊन, एका वेळी एकच गोष्ट बदलायची हा नियम शिकवायचा होता. ज्यांना मोठ्या माणसाने नीट समजावून सांगितलं ती मुलं, नुसती मोकळी सोडलेल्या मुलांपेक्षा बरीच पुढे गेली. हे मला मान्य आहे, माझा वर्गातला अनुभवही तोच आहे. पण त्या अभ्यासात चेंडू आणि घसरगुंडी दोन्ही गटांच्या हातात आली होती. तुलना होती मार्गदर्शन आणि बिनमार्गदर्शन यांची. त्यावरून हातातलं साहित्य काढून पडदा लावा असा निष्कर्ष निघत नाही. मेणबत्त्या वाटून मी खुर्चीत बसून राहिले असते तर त्या दिवशी वर्गात नुसता धूर झाला असता. ‘ग्लास तोच ठेवा, मेणबत्त्याच बदला’ हे सांगायला बाई लागतात.

आणखी एक अभ्यास मात्र माझ्या म्हणण्याला खरोखर आव्हान देणारा आहे, तो लपवणार नाही. क्लार यांनीच लारा ट्रायोना यांच्याबरोबर २००३ मध्ये चौथी-पाचवीच्या मुलांना हाच नियम एका गटाला खऱ्या स्प्रिंगा देऊन आणि दुसऱ्या गटाला संगणकावरच्या स्प्रिंगा देऊन शिकवला. दोन्ही गट सारखेच शिकले. म्हणजे प्रयोगाची आखणी शिकवायला पडद्यावरची स्प्रिंगही चालते. मी ती वापरायला तयार आहे. पण संगणकातली स्प्रिंग, ज्याने तो प्रोग्राम लिहिला त्याला जेवढं माहीत आहे तेवढंच करते. आमच्या ताटलीतले बुडबुडे कुणीही आधी लिहून ठेवलेले नव्हते. पुस्तक, शिक्षक आणि व्हिडिओ तिघेही चुकलेले असताना मुलाला ते कळण्याची शक्यता फक्त खऱ्या वस्तूपाशी असते. ती शक्यता मुलाच्या हातातून जाऊ देऊ नये, एवढंच मी म्हणते आहे.

सर्वांत अवघड मुद्दा समानतेचा, आणि तो मांडताना माझ्या सहकाऱ्यांचा आवाज जड झाला होता. शहरातल्या महागड्या शाळेतल्या मुलाला सगळं मिळतं, आमच्या आदिवासी वाडीवरच्या मुलाने मागे का राहायचं? त्याने मागे राहू नये, हे माझंही म्हणणं आहे. पण पडदा दिल्याने तो पुढे जातो का? पेरू देशात ग्रामीण भागातल्या शाळांना ‘प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप’ या योजनेखाली लाखो यंत्रं वाटली गेली. ३१९ शाळांचा अभ्यास करून २०१२ मध्ये निष्कर्ष आले, तेव्हा सर्वसाधारण आकलनक्षमतेत थोडी वाढ दिसली, पण गणित आणि भाषेच्या गुणांत काहीही फरक पडलेला नव्हता. २०१५ मध्ये ओईसीडी या संघटनेने अनेक देशांची आकडेवारी तपासली आणि शाळांतल्या संगणकांवर भरपूर खर्च केलेल्या देशांत वाचन, गणित किंवा विज्ञान यांत ठळक सुधारणा आढळली नाही असं नोंदवलं. यंत्र आलं आणि शिकवणं तेच राहिलं, तर दुसरं काय होणार? वाडीवरच्या मुलाला हक्काने मिळायला हवीत ती मोजायची आणि बघायची साधनं. मनू प्रकाश यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठात कागदाची घडी घालून सूक्ष्मदर्शक तयार केला, फोल्डस्कोप, ज्याच्या सुट्या भागांचा खर्च एका डॉलरच्याही आत येतो असं त्यांनी २०१४ मध्ये दाखवलं. हेही तंत्रज्ञानच आहे. डबक्यातल्या पाण्याचा थेंब त्याखाली धरून बघणारं मूल मागे नाही. एका मोठ्या टीव्हीच्या किमतीत काचेच्या नळ्या, तापमाप्या, भिंगं, चुंबक, तारा, तागड्या किती शाळांना पुरतील याचा हिशोब शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत एकदा तरी मांडला जावा.

आता माझ्या बाजूने उभ्या राहणाऱ्यांनाही एक सांगते. हाताने केलेलं सगळंच विज्ञान नसतं. तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात दर वर्षी थर्माकोलचे ज्वालामुखी येतात. आत खाण्याचा सोडा, वरून व्हिनेगर, लाल फेस बाहेर येतो, मूल पाठ केलेली पाच वाक्यं म्हणतं. बरेचदा प्रतिकृती वडिलांनी रात्री जागून केलेली असते, नाहीतर दुकानातून आणलेली असते. कात्री आणि डिंक वापरला म्हणजे कृतियुक्त शिक्षण झालं, असं आपण मानत आलो, आणि त्यामुळेच प्रयोगांना वेळखाऊ सोंग म्हणणाऱ्यांच्या हातात आयतं हत्यार आलं. खऱ्या ज्वालामुखीचा सोड्या-व्हिनेगरशी संबंध नाही, त्या प्रतिकृतीतून ज्वालामुखीबद्दल काहीच कळत नाही.

आणि ही प्रतिकृती आपण मांडतो कुठे, तर लाव्हाच्या थरांवर. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी थरावर थर वाहत आलेल्या लाव्हाने हा सह्याद्री घडला. आमच्या शाळेतून नाणेघाटाच्या बाजूचे डोंगर दिसतात, त्यांच्या कड्यांवरचे आडवे पट्टे पहिलीचं मूलही मोजू शकतं. डेक्कन ट्रॅप या नावातल्या ट्रॅपचा मूळ अर्थच पायरी. ओढ्यातला काळा दगड उचलला तर त्यात बारीक भोकं दिसतात, ती लाव्हातून निघू पाहणाऱ्या वायूच्या बुडबुड्यांची जागा. काही भोकांत पांढरे स्फटिक भरलेले असतात, मुलं त्यांना गारगोट्या म्हणतात. एका वर्षी आम्ही थर्माकोल आणलंच नाही. मुलांनी वेगवेगळ्या उंचीवरून दगड आणले, कुठल्या थरातल्या दगडाला भोकं जास्त, कुठल्याला कमी, याची यादी केली. प्रदर्शनात त्या दगडांना नंबर मिळाला नाही. एका परीक्षकांनी ‘मॉडेल कुठे आहे’ असं विचारलं. मुलं गप्प उभी राहिली, आणि मला त्याचं अजून वाईट वाटतं, कारण ती ज्यावर उभी होती तो डोंगरच मॉडेल होता आणि तसं ठणकावून सांगायचं बळ मी त्यांना दिलं नव्हतं.

राहता राहिला वेळ. द्विशिक्षकी शाळा, दोन-तीन इयत्ता एकत्र, वर ऑनलाइन माहित्या आणि फोटो अपलोड. ही अडचण खोटी नाही. पण अशाच सरकारी शाळांत, अशाच शिक्षकांनी हे करून दाखवलेलं आहे. १९७२ मध्ये मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद जिल्ह्यात किशोर भारती आणि रसूलियाचं फ्रेंड्स रूरल सेंटर या संस्थांनी १६ शाळांत सहावी ते आठवीसाठी प्रयोगांतून विज्ञान शिकवायला सुरुवात केली. १९७८ मध्ये तो कार्यक्रम सबंध जिल्ह्यात गेला, १९८२ नंतर एकलव्य या संस्थेने तो सांभाळला. त्यांच्या ‘बाल वैज्ञानिक’ या पुस्तकात तयार उत्तरं नव्हती. परीक्षेला मुलं पुस्तक आणि वही घेऊन बसत आणि प्रात्यक्षिक परीक्षाही होई. मुलं आपले प्रश्न ‘सवालीराम’ नावाच्या काल्पनिक माणसाला पत्रांनी कळवत आणि त्यांना उत्तरं जात. पुण्यात टेल्को कंपनीत काम करणारे अरविंद गुप्ता १९७८ मध्ये रजा काढून तिथे गेले, आणि काडेपेटीच्या काड्या व सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी यांतून त्यांनी जे उभं केलं ते पुढे पुण्यातल्याच आयुका या खगोलविज्ञान संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेतून महाराष्ट्रातल्या असंख्य मुलांच्या हातात आलं. होशंगाबादचा कार्यक्रम २००२ मध्ये राज्य सरकारने बंद केला. तीस वर्षं चाललेली गोष्ट अशक्य होती असं कुणी म्हणू नये.

मला त्या कार्यक्रमातली एक गोष्ट सर्वांत मोलाची वाटते. शिक्षक दर महिन्याला जमत आणि वर्गात घ्यायचे प्रयोग आधी स्वतः करून बघत. फसलेल्या प्रयोगांवर चर्चा होत असे. आपल्या शिक्षण परिषदाही महिन्याला होतात. तिथे आपण काय करतो? पडद्यावर सादरीकरण बघतो, टिपणं घेतो, चहा पितो आणि घरी येतो. वर्गातल्या मुलांना आपण जे देतो तेच आपल्यालाही दिलं जातं. केंद्रप्रमुखांना माझी विनंती आहे, की दर परिषदेत एक तास फरशीवर बसून एक प्रयोग व्हावा, सगळ्यांनी करावा, आणि ज्याचा फसेल त्याने आधी बोलावं. तपासणीला येणाऱ्या अधिकाऱ्यांनी टीव्ही चालू आहे का हे विचारल्यावर आणखी एक विचारावं: या महिन्यात कुठल्या मुलाचं निरीक्षण पुस्तकाशी जुळलं नाही? त्या मुलाची वही मागून बघावी.

परवा पुन्हा मेणबत्तीचा पाठ आला. या वर्षीच्या पाचवीतला एक मुलगा सगळं बघून झाल्यावर म्हणाला, “बाई, तापलेली हवा निवल्याने पाणी चढतं ना? मग मेणबत्ती कशाला पाहिजे? ग्लासच गरम पाण्याने तापवून उपडा घातला तर?” वर्गात दोन तट पडले आहेत. काहींचं म्हणणं पाणी चढेल, काहींचं म्हणणं आग नाही तर काहीच होणार नाही. प्रत्येकाने आपला अंदाज नावासकट फळ्यावर लिहिला आहे आणि तो पुसायचा नाही असं ठरलं आहे. उद्या पहिल्या तासाला करून बघणार आहोत. गरम पाण्याचा थर्मास मी घरून नेते आहे, आणि त्या सहकाऱ्यांना फोन करून बोलावलं आहे. ते येतो म्हणाले आहेत.